सर्व्हरचा बॅकअप परगावी कसा ठेवाल?

भिलाईच्या वैशाली नगर, सुपेला, नेहरूनगर या पट्ट्यात घराच्या तळमजल्यावर थाटलेली कार्यालये आता पुष्कळ झाली आहेत. कुठे करसल्लागार बसतो, कुठे पॅथॉलॉजी लॅब आहे, कुठे कोचिंग क्लास, तर कुठे पोलाद कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगाचे ऑफिस. बहुतेकांकडे कोपऱ्यात एक सर्व्हर असतो आणि त्याला जोडलेली एक बाहेरची हार्ड डिस्क. बॅकअपचा विषय निघाला की हेच तीन प्रश्न पुन्हापुन्हा येतात: "रोज रात्री डिस्कवर कॉपी होते, मग काळजी कशाची?", "गूगल ड्राइव्हवर टाकलं की झालं ना?" आणि "स्क्रिप्ट लावून दिली आहे, पण ती चालते की नाही हे कसं कळणार?"

तिन्ही प्रश्नांना लागू पडणारी एक कसोटी आहे. जी प्रत तुमचा सर्व्हर स्वतः पुसू शकतो, किंवा जी तुम्ही एकदाही परत आणून पाहिलेली नाही, तिला बॅकअप धरू नका. सर्व्हरशेजारची डिस्क चोराबरोबर जाते, विजेच्या एकाच झटक्यात सर्व्हरसोबत जळते आणि रॅन्समवेअर आले की सर्व्हरबरोबर तीही कुलूपबंद होते. ड्राइव्हचे सिंक म्हणजे बदलांचे अनुकरण: इथे फाइल बिघडली की थोड्याच वेळात तिथेही बिघडते. म्हणून प्रत परगावी हवी, आपोआप जाणारी हवी आणि सर्व्हरच्या हाताबाहेरची हवी. ती व्यवस्था कशी लावायची ते क्रमाने पाहू.

आधी तीन गोष्टी कागदावर लिहा

सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी मालकाने आणि संगणक सांभाळणाऱ्याने एकत्र बसून ही उत्तरे लिहून काढावीत.

- किती काम पुन्हा करायची तयारी आहे? दिवसाला पंधरा बिले होत असतील, तर एका दिवसाचे काम पुन्हा टाइप करता येईल. लॅबमध्ये दर तासाला रिपोर्ट निघत असतील, तर रात्री एकदा घेतलेला बॅकअप पुरणार नाही.
- किती वेळ बंद राहणे परवडेल? दोन तास की दोन दिवस, यावर साठवणुकीचा प्रकार ठरतो.
- नेमके काय वाचवायचे आहे? डेटाबेस, अपलोड झालेल्या फाइली, सर्व्हरच्या सेटिंग, वेळापत्रकाच्या नोंदी आणि बॅकअपची स्क्रिप्ट, हे सगळे हवे. कॅशे, तात्पुरत्या फाइली आणि ऑपरेटिंग सिस्टिम वगळा. त्या पुन्हा मिळतात.

दुसरा प्रश्न हलक्यात घेऊ नका. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी रॅन्समवेअरचा हल्ला झाला. हल्ल्यापासून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला, असे सरकारने संसदेत सांगितले. तरीही बहुतेक सेवा पूर्ववत व्हायला सुमारे दोन आठवडे लागले आणि तोवर नोंदी हाताने चालल्या. डेटा वाचणे आणि काम सुरू होणे यांत एवढे अंतर पडू शकते.

परगावी म्हणजे किती दूर?

- भिलाईतच दुसरी जागा, म्हणजे भावाचे घर किंवा दुसरी शाखा. चोरी आणि आगीपासून संरक्षण मिळते. शहरव्यापी संकटात दोन्ही जागा एकाच वेळी अडचणीत येतात.
- रायपूर. तासाभराच्या अंतरावर आहे. संकटात गाडी काढून डिस्क घेऊन येता येते, हा मोठा फायदा.
- नागपूर. आपल्यापैकी अनेकांचे नातलग किंवा शाखा तिथे असतात. सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर, राज्य वेगळे, वीज वेगळी. तिथे एक छोटे नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचे साठवणीचे, यंत्र ठेवले की स्वतःच्या मालकीची परगावची प्रत तयार झाली. मात्र ते यंत्र कुलूपबंद जागी आणि यूपीएसवर हवे, आणि बंद पडले तर पाहणारा माणूस हवा.
- क्लाउडची ऑब्जेक्ट साठवण. ॲमेझॉनची मुंबई आणि हैदराबाद ही केंद्रे आहेत. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांचीही भारतात केंद्रे आहेत. यंत्र सांभाळण्याची कटकट नाही, पण दरमहा बिल येते.

तुमचा सर्व्हर आधीच क्लाउडवर असेल, तर "तो दूरच आहे" असे समजून निर्धास्त होऊ नका. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांचे सर्व्हर आणि त्यांचे बॅकअप त्याच ठिकाणी होते. तुमची दुसरी प्रत नेमक्या कोणत्या शहरात आहे, हे कंपनीकडून लेखी घ्या. शक्य तर ती दुसऱ्याच कंपनीकडे ठेवा.

स्वस्त 'थंड' साठवण घेताना अटी वाचा. ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्ह प्रकारात फाइल परत मागितल्यावर ती हाती यायला १२ तासांपर्यंत, आणि स्वस्त पर्याय घेतल्यास ४८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. किमान १८० दिवसांचे भाडेही आकारले जाते. जुन्या वर्षांच्या प्रतींसाठी ती ठीक आहे, कालच्या प्रतीसाठी नाही.

लाइनचा हिशेब करा

ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, बॅकअपला मात्र अपलोडचा वेग लागतो. तो आधी मोजून घ्या. २० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला अडीच एमबी, तासाला सुमारे ९ जीबी. रात्री आठ तास लाइन मोकळी असेल तर जास्तीत जास्त ७२ जीबी जातील. ३०० जीबींची पहिली प्रत पाठवायला सलग तेहेतीस तासांहून अधिक लागतील. त्यामुळे पहिली प्रत डिस्कवर कूटबद्ध करून स्वतः नागपूरला पोहोचवा आणि रोजचे बदल तेवढे लाइनवरून पाठवा.

परतीचाही हिशेब मांडा. १०० एमबीपीएस डाउनलोडवर तेच ३०० जीबी आणायला जवळजवळ सात तास लागतील. वरच्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात हे बसत नसेल, तर परगावच्या प्रतीसोबत ऑफिसातही एक प्रत ठेवा.

स्क्रिप्ट कशी बांधायची

लिनक्स सर्व्हरसाठी रेस्टिक किंवा बोर्ग ही मोफत, मुक्त साधने चांगली आहेत. दोन्ही साधने डेटा सर्व्हरवरच कूटबद्ध करतात, बदललेला भागच पाठवतात आणि प्रत्येक दिवसाची वेगळी आवृत्ती ठेवतात. आरसिंक उत्तम कॉपी करते, पण जुन्या आवृत्त्या आपोआप ठेवत नाही. त्यात 'डिलीट' हा पर्याय लावला, तर इथे पुसलेली फाइल तिथूनही जाते. साधन कोणतेही घ्या, पायऱ्या मात्र या क्रमाने ठेवा:

1. कुलूप लावा. कालची फेरी अजून चालू असताना आजची सुरू होऊ नये. त्यासाठी 'एफलॉक' ही आज्ञा वापरा.
2. चूक झाली की थांबायला सांगा. बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तीन सेटिंग लावा: आज्ञा फसली की थांब, न नेमलेले व्हेरिएबल वापरू नकोस, आणि 'पाइपफेल'. शेवटचे फार महत्त्वाचे आहे. डम्प घेऊन तो लगेच झिप करताना डम्प फसला आणि झिप यशस्वी झाले, तर पाइपफेलशिवाय स्क्रिप्टला सगळे ठीकच वाटते.
3. डेटाबेसचा डम्प घ्या. चालू डेटाबेसच्या फाइली थेट उचलू नका; अर्धवट लिहिलेल्या नोंदी हाती येतात. मायएसक्यूएलसाठी 'मायएसक्यूएलडम्प' हे साधन 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' पर्यायासह वापरा. हा पर्याय इनोडीबी प्रकारच्या टेबलांनाच लागू होतो, तेव्हा तुमची टेबले कोणत्या प्रकारची आहेत ते पाहून घ्या. पोस्टग्रेससाठी 'पीजी-डम्प' आहे.
4. डम्प तपासा. फाइल रिकामी आहे का, कालच्यापेक्षा अचानक निम्म्यावर आली आहे का, ते स्क्रिप्टनेच पाहावे. मायएसक्यूएलच्या डम्पच्या शेवटी तो पूर्ण झाल्याची एक ओळ येते. ती नसेल तर डम्प अर्धवट समजा.
5. कूटबद्ध करून पाठवा. नॅस यंत्राकडे जायचे असेल तर एसएफटीपीवरून, क्लाउडकडे जायचे असेल तर ऑब्जेक्ट साठवणीच्या किल्लीने.
6. स्थानिक डम्प आवरा. नाहीतर महिन्याभरात डिस्क भरते आणि बॅकअपमुळेच सर्व्हर बंद पडतो.
7. शेवटी कळवा. फेरी यशस्वी झाली, किती वेळ लागला, किती डेटा गेला, याची नोंद लिहा आणि संदेश पाठवा.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती वाचण्याची परवानगी बॅकअप चालवणाऱ्या एकाच खात्याला द्या.

विंडोज आणि टॅली वापरणाऱ्यांसाठी

टॅलीचा डेटा फोल्डर उघडा असताना सरळ कॉपी करू नका. टॅलीमधली बॅकअपची सोय वापरा किंवा सर्वांनी टॅली बंद केल्यावरची वेळ निवडा. रेस्टिक विंडोजवरही चालते आणि 'शॅडो कॉपी'च्या आधारे उघड्या फाइलींची एका क्षणाची प्रत घेऊ शकते. टास्क शेड्युलरमध्ये दोन खुणा जरूर करा: कोणी लॉग-इन नसतानाही काम चालावे, आणि ठरलेली वेळ हुकली तर यंत्र सुरू होताच काम व्हावे. नेटवर्क ड्राइव्हला दिलेले 'झेड' वगैरे अक्षर शेड्युलरला बहुधा दिसत नाही; तिथे पूर्ण नेटवर्क पत्ता द्या.

क्रॉनचे खाचखळगे

क्रॉन म्हणजे लिनक्सवर ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय. स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, रात्री क्रॉनवर मात्र चालत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा या कारणांनी येते:

- आज्ञांचा रस्ता. क्रॉनला तुमच्या लॉग-इनमधले मार्ग ठाऊक नसतात. प्रत्येक आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहा.
- टक्क्याचे चिन्ह. क्रॉनच्या ओळीत ते नवी ओळ म्हणून वाचले जाते. फाइलच्या नावात तारीख घालणारा भाग क्रॉनच्या ओळीत न लिहिता स्क्रिप्टच्या आत लिहा.
- घड्याळ. क्लाउडवरचे सर्व्हर अनेकदा जागतिक वेळेवर चालतात. त्यांचे पहाटेचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. लॅबची गर्दी सुरू होताना लाइन अडकते ती यामुळे.
- बंद यंत्र. रात्री मेन स्विच बंद करून जाण्याची सवय असेल, तर क्रॉनची वेळ हुकते आणि हुकलेले काम तो नंतर करत नाही. अशा वेळी अनाक्रॉन किंवा सिस्टिमडीचा 'पर्सिस्टंट' टायमर लावा.

किल्ली कोणाकडे?

सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. २०१४ च्या जूनमध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्यात घुसखोर शिरला. त्याने चालू डेटा पुसला आणि त्याच खात्यातून हाताशी असलेले बहुतेक बॅकअपही पुसले. कंपनीला धंदाच बंद करावा लागला. बॅकअप होते, पण पुसण्याचा अधिकार त्याच खात्याला होता.

यावर उपाय आहेत, आणि लहान ऑफिसलाही ते परवडतात:

- भर टाकण्यापुरती परवानगी. सर्व्हरला नवी प्रत लिहिता यावी, जुनी पुसता येऊ नये. बोर्गमध्ये आणि रेस्टिकच्या रेस्ट-सर्व्हरमध्ये 'अपेंड-ओन्ली' अशी सोय आहे.
- मुदतीचे कुलूप. ऑब्जेक्ट साठवणीत 'ऑब्जेक्ट लॉक' लावता येतो. त्याच्या 'कंप्लायन्स' प्रकारात ठरलेली मुदत संपेपर्यंत खात्याच्या मालकालाही फाइल पुसता येत नाही. आधी सात दिवसांची मुदत लावून पाहा. चुकून दहा वर्षे लावलीत तर भाडेही दहा वर्षे भराल.
- ओढून घेणारी रचना. सर्व्हरने पाठवण्याऐवजी नागपूरच्या यंत्राने येऊन डेटा न्यावा. मग सर्व्हरकडे त्या यंत्राची किल्लीच नसते. घरगुती ब्रॉडबँडवर अनेकदा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, तेव्हा दोन्ही टोकांमध्ये वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाकावा लागेल.
- जुन्या प्रती वेगळ्या किल्लीने छाटा. रोजच्या सात, आठवड्याच्या पाच, महिन्याच्या बारा, ही बऱ्याच ऑफिसांना पुरणारी मांडणी आहे. छाटणीचे काम सर्व्हरवर न ठेवता दुसऱ्या यंत्रावर ठेवा.

क्लाउडचे बिल भरणाऱ्या खात्यावर दोन टप्प्यांचे लॉग-इन लावा. बॅकअपचा कूटबद्धतेचा पासवर्ड कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा: एक मालकाच्या तिजोरीत, एक विश्वासू नातलगाकडे. हा पासवर्ड हरवला तर रेस्टिक आणि बोर्ग यांची प्रत कुणालाही उघडता येत नाही, बनवणाऱ्यांनाही नाही.

संदेश आला नाही, तर?

'बिघाड झाला की ईमेल येईल' या भरवशावर राहू नका. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेल्यावर क्लाउडची पेटी रिकामी निघाली. डम्प घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, म्हणून डम्प फसत होता. त्याचे इशारे देणारे ईमेल पलीकडचा मेल सर्व्हर नाकारत होता. सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक प्रत हाती होती, तिच्यावर निभावले.

म्हणून व्यवस्था उलटी लावा: दर फेरीने यशाचा संदेश पाठवायचा आणि तो ठरलेल्या वेळेत आला नाही की दुसऱ्या यंत्राने ओरड करायची. हेल्थचेक्ससारख्या सेवा हेच करतात. संदेश दोघांच्या फोनवर जाऊ द्या. एक माणूस लग्नाला गावी गेलेला असू शकतो.

परत आणून पाहा

- दर आठवड्याला साठवणीची तपासणी चालवा. रेस्टिकची 'चेक' आज्ञा डेटाचा काही भाग प्रत्यक्ष वाचूनही पाहू शकते.
- दर महिन्याला एक फाइल आणि एक डेटाबेस वेगळ्या यंत्रावर परत आणा. महिन्याच्या शेवटच्या दिवसाची बिले, रुग्णांची संख्या, खात्यांची बेरीज चालू सर्व्हरशी ताडून पाहा.
- वर्षातून दोनदा सर्व्हर नाहीच असे समजून, कोऱ्या यंत्रावर सगळे उभे करा. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या माणसाने त्या दिवशी नुसते बसून पाहावे आणि दुसऱ्याने लेखी सूचनांवरून काम करावे. जिथे तो अडेल, तिथे सूचना अपुऱ्या आहेत.

मे महिन्याचा उन्हाळा लागण्यापूर्वी एक सराव उरकून घ्या. उष्णता आणि खालीवर होणारे व्होल्टेज या दोन्हींचा ताण तेव्हा यंत्रावर सर्वाधिक असतो.

कायदा काय मागतो

- कंपनी असाल तर: कंपनी (लेखा) नियमांतील ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार, इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवावा लागतो. परदेशातली साठवण स्वस्त असली तरी तीच एकमेव प्रत असून चालणार नाही.
- किती वर्षे? जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, आणि कंपनीच्या हिशेबवह्या आठ आर्थिक वर्षे जपाव्या लागतात. महिन्याच्या बारा प्रतींच्या जोडीला दरवर्षी मार्चअखेरची एक प्रत वेगळी काढा.
- हल्ला झाला तर: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार रॅन्समवेअरसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. सर्व्हरचे लॉग १८० दिवस जपायचे असतात. तेही बॅकअपमध्ये घ्या.
- ग्राहक आणि रुग्ण यांची माहिती: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये योग्य सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. बॅकअपमधली माहितीही माहितीच असते, म्हणून कूटबद्धता ऐच्छिक समजू नका.

संगणक सांभाळणाऱ्याशी करार

देखभाल बाहेरच्या माणसाकडे असेल, तर या गोष्टी लेखी घ्या: डेटा तुमचा आहे, साठवणीचे खाते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या पैशांनी आहे, मुख्य पासवर्ड तुमच्याकडे आहेत, सरावाचा अहवाल दर सहा महिन्यांनी मिळेल, काम सोडताना स्क्रिप्ट आणि सूचना सुपूर्द होतील. काम सोडून गेलेल्याने परवानगीशिवाय डेटा पुसला किंवा तुम्हाला प्रवेश नाकारला, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली भरपाई मागता येते. हेतू अप्रामाणिक असेल तर कलम ६६ नुसार तो गुन्हा ठरतो. पण दाद मिळायला वेळ लागतो. त्याचे लॉग-इन शेवटच्या दिवशीच बंद करणे आणि किल्ल्या बदलणे जास्त उपयोगाचे.

या आठवड्यात काय कराल?

सगळे एकदम करायला जाऊ नका. सोमवारी तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. मंगळवारी अपलोडचा वेग मोजा आणि जागा ठरवा. बुधवारी आणि गुरुवारी स्क्रिप्ट हाताने चालवून पाहा, मगच वेळापत्रकावर टाका. शुक्रवारी सर्व्हरवरूनच परगावची प्रत पुसण्याचा प्रयत्न करा. त्यासाठी एक चाचणी प्रत वापरा. ती पुसली गेली, तर किल्लीचा विभाग पुन्हा वाचा. शनिवारी एक डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर उभा करा, त्यातली कालची शेवटची पावती उघडा आणि ती छापील पावतीशी जुळवा. जुळली, की त्या तारखेची नोंद वहीत करा आणि पुढच्या महिन्याच्या तपासणीची तारीख तिथेच लिहून ठेवा.